सूर्यनारायणाची रेकॉर्ड

रविवारी सकाळी बारामतीत माझ्या घरी काही माणसं जमतात आणि आम्ही गाणी ऐकतो. ऐकतो म्हणजे नुसतं ऐकतो. फोन बंद, बोलणं बंद, मध्ये चहा मागायचा नाही. एक अख्खा अल्बम पहिल्या सुरापासून शेवटच्या खरखरीपर्यंत ऐकायचा, त्यानंतर चहा आणि त्यानंतर भांडण. ही शिस्त माझी आहे आणि तिच्यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण एखादा माणूस ‘ऐकलाय की तो अल्बम’ म्हणतो आणि जरा खोदून विचारलं तर गाडी धुताना मागे चालू होता असं निघतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. गाडी धुताना वाचलेल्या पुस्तकाबद्दल कुणी असं बोलेल का?

मंडळी साधीच आहेत. एक निवृत्त जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना जगातलं सगळं संगीत थोडं जास्तच लांबलेलं वाटतं. कॉलेजात शिकणारी एक मुलगी आहे, ती गिटार वाजवते आणि कमी बोलते. बाकी शेजारी, आणि शेजाऱ्यांकडे आलेले पाहुणे. मी स्वतः माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आठवडाभर डाळिंबवाल्यांना आणि ऊसवाल्यांना त्यांच्या जमिनीत काय जास्त झालंय ते सांगायचं, आणि रविवारी हे. दर वेळी एकाने अल्बम आणायचा आणि संगीताच्या इतिहासात त्याची जागा कुठे आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं, असा आमचा नियम आहे. नेटवरचं वाचून दाखवायला लागलं की मी थांबवते.

गेल्या थंडीत माझी पाळी आली तेव्हा मी तात्यांची रेकॉर्ड निवडली आणि रेकॉर्डबरोबर तात्यांनाही बारामतीला घेऊन आले. तात्या म्हणजे माझे वडील. बावड्यात राहतात, आई आणि ते, दोघंच. रेकॉर्ड निवडण्यामागे संगीतप्रेम होतं, नाही असं नाही. पण खरं कारण माझी आई होती.

आईची बोलायची एक पद्धत आहे. कुठलीही गोष्ट ती दोनदा म्हणते आणि तिसऱ्या वेळी तिचा निकाल लावते. ‘अवो, जेवाय चला. अवो, जेवाय चला म्हणतीय. गार झाल्यावर मला बोलायचं न्हाय.’ आमच्या घरातला दिवस लहानपणापासून असाच चालला. ‘पोरी, ऊठ. पोरी, ऊठ म्हणतीय. येष्टी गेली की रडत बसशील.’ तात्यांनी पहिल्या ओळीला कधी दाद दिली नाही. दुसरीला ते ‘हुं’ म्हणायचे आणि तिसरीला उठायचे. भांडण नाही, लाडीगोडी नाही. त्यांचा संसार एवढ्यावर व्यवस्थित चालला होता.

तात्यांचा स्पीकरचा धंदा होता. लग्न, जत्रा, बारसं, कीर्तन, निवडणुकीचा प्रचार, जे असेल तिथे ते कर्णे आणि मशिन घेऊन जायचे. बावड्यापासून पार सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यापर्यंत त्यांना बोलावणं असायचं. जवानीची सगळी वर्षं कर्ण्याखाली उभं राहण्यात गेली आणि म्हातारपणी कान बसले. उजवा जास्त, डावा थोडा कमी. आम्ही त्यांना पुण्याला नेलं, दोन्ही कानांना यंत्रं घेतली. तात्यांनी ती काही दिवस घातली आणि डबीत घालून भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली.

“फाटकं यंत्र हाय,” ते म्हणाले. “तुझ्या आईचा आवाज पत्र्यावर खडं पडल्यागत येतोय. म्या जल्मात कुणाला फाटका आवाज ऐकवला न्हाय, आन आता मी ऐकू व्हय?”

आम्ही समजावलं. सवय होईल म्हणालो. डॉक्टरांकडे पुन्हा नेलं, त्यांनी यंत्र हवं तसं लावून दिलं. तात्या घरी आले आणि डबी पुन्हा देवळीत गेली. या माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीचा तोरा मिरवला होता, की त्याचा कर्णा कधी फाटत नाही. त्यापुढे आमचं काय चालणार.

आईने आधी आवाज चढवला. मग ती हातवारे करायला लागली. मग दोनदा म्हणायचं सोडून एकदाच म्हणायला लागली, आणि काही महिन्यांनी तेही थांबलं. चहा पुढ्यात ठेवायचा आणि चमच्याने ताट वाजवायचं. मी फोन करून विचारलं की ती म्हणायची, “कुणाशी बोलू? भिताडाशी?” आणि हसायची. ते हसणं मला लागायचं. पुढे पुढे ती माझ्याशीही तोडून बोलायला लागली. हो, नाही, बरं, ठेव. एकेकाळी हिला फोन ठेव म्हणून विनवावं लागायचं. तिची बोलायची सवयच मोडत चालली होती. दोन माणसांच्या घरात एकाला ऐकू येईनासं झालं की दुसऱ्याचं बोलणं वाळून जातं, हे मी डोळ्यांनी पाहत होते, आणि मला त्याची फार भीती वाटत होती.

आता रेकॉर्ड. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही लगेच फोनवर शोधाल, लावाल आणि गाडी धुवायला जाल.

साठच्या दशकाच्या शेवटी परदेशातल्या चार पोरांनी केलेला हा अल्बम. वेष्टनावर मोठा नारंगी सूर्य आहे. सूर्याला चेहरा आहे, चेहऱ्याला अर्धवट मिटलेले डोळे आहेत आणि भोवती किरणांच्या जागी लाल-पिवळ्या लाटा. अक्षरं जांभळी आणि उन्हात ठेवलेल्या गुळासारखी ओघळलेली, म्हणजे इंग्रजी येणाऱ्यालाही ती वाचता येत नाहीत. पुण्याच्या जुन्या बाजारात त्या काळी वापरलेल्या रेकॉर्डी गठ्ठ्याने मिळायच्या. तात्यांनी असाच एक गठ्ठा उचलला होता, त्यात ही निघाली. तात्यांनी वेष्टन पाहिलं आणि हात जोडले. साक्षात सूर्यनारायण.

स्पीकरवाल्यांचा एक रिवाज असतो. कर्णे बांधून झाले, वायर ओढून झाली की मशिनला हळदकुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची आणि पहिली रेकॉर्ड देवाची लावायची. पाहुणे ताटकळू देत, नवरा रुसू दे, आधी देव. सगळे स्पीकरवाले गणपतीचं लावायचे. तात्या तेव्हा नवे होते आणि त्यांना नाव काढायचं होतं. त्यांना वाटलं, सूर्यनारायणाची रेकॉर्ड आजवर या भागात कुणी लावलेली नाही, ती आपण लावू. आणि देवाची रेकॉर्ड आधी वाजवून बघणं त्यांच्या मनाला पटेना. देवाची ती देवाच्या वेळेलाच लावायची.

पिंपळीतल्या एका बागायतदाराच्या घरची हळद होती. दारात दोन कडुलिंबाची झाडं, एकेका झाडावर एकेक कर्णा. तात्यांनी उदबत्ती लावली, रेकॉर्डला नमस्कार केला आणि सुई ठेवली. मांडवातली म्हातारी माणसं सवयीने हात जोडून उभी राहिली. आधी थोडी खरखर झाली आणि मग गिटार आली. सिनेमातल्या गाण्यांत असते तशी लाडिक गिटार ती नव्हती. लोखंडी पत्रा टराटरा फाडत न्यावा असा तो आवाज होता, आणि त्याच्या मागोमाग ढोल, आणि ढोलामागोमाग एक माणूस घसा खरवडून ओरडायला लागला. म्हाताऱ्यांचे जोडलेले हात तसेच राहिले, कारण सोडावेत की नाही हे कुणालाच कळेना.

तात्यांना मात्र एकच गोष्ट कळली. कर्ण्याच्या मागे आवाज करणारं युनिट असतं आणि त्याच्या आत पातळ पडदा असतो. तो फाटला की आवाज फाटतो आणि त्याबरोबर स्पीकरवाल्याची अब्रू जाते. तात्या नवं युनिट घेऊन पहिल्या झाडावर चढले, जुनं काढलं, नवं बसवलं. आवाज फाटकाच. मग दुसऱ्या झाडावर चढले. तिथलं बदललं. तरी फाटकाच. पुन्हा पहिल्या झाडावर. रेकॉर्ड बंद करावी हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, कारण देवाची रेकॉर्ड अर्ध्यात थांबवायची नसते. नवरीचा मामा खालून शिव्या देत होता आणि सूर्यनारायण चालूच होते.

मांडवात नवरीच्या चुलत बहिणी होत्या. त्यांतली एक तोंडावर हात धरून हसत झाडाखाली आली आणि वर बघून म्हणाली, “अवो स्पीकरवालं, खाली उतरा. अवो, उतरा म्हणतीय. पडलासा तर हळद सोडून तुमास्नीच दवाखान्यात न्यावं लागंल.”

ती माझी आई. पुढे त्यांचं लग्न झालं. तात्या सांगतात, झाडावरून तिचं फक्त तोंड हलताना दिसत होतं, कर्ण्यापुढे शब्द एकही ऐकू आला नाही. आई सांगते, तेव्हापासनं तसंच चाललंय.

दुसरा कुणी असता तर त्याने ती रेकॉर्ड विहिरीत टाकली असती. तात्यांनी ती घरी नेली, शांतपणे हलक्या आवाजात वाजवली, आणि फाटकं रेकॉर्डच्या आतच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी आपल्या परीने त्याचा अर्थ लावला. ही परदेशातली गरीब पोरं. रेकॉर्डिंगच्या दिवशीच त्यांचं युनिट फाटलं. दुसरं आणायला ऐपत नसेल, नाहीतर वेळ नसेल. पण ती कार्यक्रम सोडून उठली नाहीत.

मी लहान असताना मला शेजारी बसवून ते रेकॉर्ड लावायचे. “ऐक, कसं फाटलंय बग,” ते हळूच म्हणायचे, कुणाच्या घरचं दुःख सांगावं तसं. “तरी बी गडी गातोय. एकदा सुपारी घेतली की माणसानं कार्यक्रम करायचा. काय बी होऊ.” दर लग्नसराईच्या आधी नवी युनिटं आली की तात्या ती याच रेकॉर्डवर तपासायचे. तिच्यातलं फाटणं त्यांना इतकं पाठ झालं होतं की त्यापेक्षा जरा जास्त फाटलं की ते युनिट परत जायचं. पुढे डीजे आले, कर्ण्यांना कुणी विचारेना. तात्यांनी बाकीच्या रेकॉर्डी मागेल त्याला देऊन टाकल्या. ही ठेवली.

मी कॉलेजला पुण्यात गेले, या संगीताबद्दल वाचायला लागले, तेव्हा मला खरी हकीकत कळली. ती तात्यांच्या समजाहून वेगळी आहे, पण फार वेगळीही नाही. या संगीताचं मूळ अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांत आहे. गुलामगिरी कायद्याने गेली होती पण राबणं गेलं नव्हतं, अशा काळ्या माणसांचं ते गाणं, ब्लूज. त्याची घडण अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत निकाल लावायचा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाचनालयात एकटीच मोठ्याने हसले आणि समोरच्या माणसाने माझ्याकडे रागाने पाहिलं. हे तर आईचं जेवायला बोलावणं!

आमच्या आईचं आणि त्या शेतांचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही. तिथलं सोसणं तिथल्या माणसांचं. जगातली प्रत्येक गोष्ट ओढूनताणून आपल्या अंगणात आणायची सवय मला आवडत नाही. पण महत्त्वाचं असेल ते एकदा म्हणून माणसाचं भागत नाही, एवढं मात्र दोन्हीकडे दिसतं.

ती माणसं पुढे शहरांत गेली, कारखान्यांत लागली. त्यांच्या गिटारला वीज मिळाली. गुत्त्यांच्या गोंगाटातून ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज वाढवला, स्वस्तातली मशिनं त्याला पुरी पडेनात आणि आवाज फाटायला लागला. कुणाचं मशिन वाटेत आदळलं, कुणाचा पडदा चिरला. तरी त्यांनी वाजवलं. म्हणजे तात्या ज्यांना बिचारे म्हणत होते ती माणसं खरोखर होऊन गेली, फक्त ती या रेकॉर्डवरची नव्हती. त्यांच्या फाटक्या आवाजात ऐकणाऱ्यांना असं काही सापडलं की पुढच्या पोरांनी चांगल्या स्पीकरचा पडदा मुद्दाम चिरून तो आवाज काढला. आणि त्यांच्या पुढच्यांना तर फाटका आवाज डबीत भरून दुकानात मिळायला लागला.

मग साठच्या दशकाचा शेवट आला. मनाच्या आत जे दिसतं ते बाहेर ऐकवायचं, असं त्या पिढीने ठरवलं. नशा करून ठरवलं असेल, नशेशिवायही ठरवलं असेल. त्यांनी टेप उलट्या फिरवल्या, आवाजाला विहिरीत वाकून बोलल्यासारखा घुमारा दिला. दोन बाजूंना दोन स्पीकर ठेवायची पद्धत नवी होती, तेव्हा एका बाजूचा आवाज चालवत दुसऱ्या बाजूला नेला. आमच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला एक लांबलचक गाणं आहे. त्यात गाणारा मध्येच थांबतो, ढोलही थांबतो, आणि एकटी फाटकी गिटार डावीकडून निघून सावकाश उजवीकडे जाते, थोडी रेंगाळते आणि परत येते. मला तो अख्ख्या अल्बममधला सगळ्यात सुंदर तुकडा वाटतो.

जाडजूड इतिहासात या अल्बमला अर्धं वाक्य मिळतं, तेही कुठे कुठे. मोठी नावं वेगळी आहेत. पण जुना तीन ओळींचा ब्लूज आणि पुढे येणारा दणदणीत रॉक, ही दोन्ही टोकं ज्यात एकाच वेळी दिसतात असे जे थोडे अल्बम आहेत त्यांतला हा एक. तो मध्ये उभा आहे. मध्ये उभं राहणाऱ्यांना दोन्हीकडचे लोक विसरतात. चार पोरांचं पुढे जमलं नाही, बँड फुटला, कोण कुठे गेलं ते मला माहीत नाही.

एवढं सगळं मी त्या रविवारी मंडळींना सांगितलं. तात्या पांढरी टोपी घालून सगळ्यांत पुढे बसले होते, डावा हात स्पीकरच्या खोक्यावर ठेवून. यंत्रं अर्थातच बावड्याला देवळीत होती. माझं बोलणं त्यांना ऐकू जात नव्हतं, पण आपल्या रेकॉर्डचा मान होतोय एवढं कळत होतं आणि चेहऱ्यावर ते दिसत होतं. मी आवाज वाढवून ठेवला होता. ढोल सुरू झाला की त्यांची बोटं खोक्यावर हलायची. दुसरी बाजू लावताना मी सगळ्यांना म्हटलं, डोळे मिटा आणि गिटार कुठे जाते बघा.

तो तुकडा आला. खोलीतल्या सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे सावकाश वळल्या. लांबण्याची तक्रार करणारे डॉक्टरसुद्धा वळले. मी डोळे उघडे ठेवले होते म्हणून मला तात्या दिसले. ते खोक्यावर हात ठेवून मागे बघत होते. मिटलेल्या डोळ्यांची ती सगळी माणसं कशाच्या तरी मागे माना फिरवत होती, आणि ते काय आहे हे त्यांना कळत नव्हतं. गिटार परत आली तशा माना परत आल्या. तात्यांनी खोक्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

चहा झाल्यावर गिटारवाल्या मुलीने आपली गिटार काढली आणि पायाने दाबायची लोखंडी डबी जमिनीवर ठेवली. तात्यांना तिने खुणेने बोलावलं. तिने एक तार छेडली, स्वच्छ, गोड. मग तात्यांना डबी दाबायला सांगितली. तात्यांनी पायाने दाबली आणि तीच तार टरकन फाटली. तात्या दचकले. त्यांनी पुन्हा दाबली, आवाज स्वच्छ झाला. पुन्हा दाबली, फाटला.

“फाटायचं बटन हाय हे?”

मुलीने मान डोलावली.

“इकत मिळतं?”

तिने पुन्हा मान डोलावली.

“आन लोकं घेत्यात?”

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी रेकॉर्डकडे बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. “मग ह्या पोरांचं युनिट?”

मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, “चांगलं होतं, तात्या. मुद्दाम फाडलंय.”

“मुद्दाम,” तात्या म्हणाले, आणि खुर्चीत जाऊन बसले. आयुष्यभर ज्या पोरांची कीव केली, ज्यांच्या नेकीचे दाखले मला दिले, त्यांचं सगळं धडधाकट होतं. मला वाईट वाटलं, आणि जरा रागही आला. कधीतरी कळणारच होतं, मग आजच कशाला कळायला हवं होतं?

परतीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या होत्या. त्यांच्या मागून आमची गाडी रांगत चालली होती. तात्या रेकॉर्ड मांडीवर घेऊन बसले होते. मला वाटलं, त्या मुद्दामवरच अडलेत. इंदापूर आलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

“समद्यांची मुंडकी फिरत हुती, ती कशापायी?”

मी गाडी कडेला घेतली. काचेवर बोटाने डावीकडून उजवीकडे रेघ ओढली आणि त्यांच्या कानाशी ओरडले, “गिटार इकडून तिकडे जाते, तात्या. चालत जाते.”

“माझ्या रेकॉर्डमधी?”

“हो.”

“म्या तर कदी ऐकलं न्हाय.”

“तुमच्या दोन्ही कर्ण्यांत एकच आवाज यायचा. म्हणून.”

ते रेकॉर्डकडे बघत राहिले. ही रेकॉर्ड त्यांना तिच्या प्रत्येक ओरखड्यासकट पाठ होती. “आन आज तर दोन खोकी हुती की,” ते म्हणाले. त्याचं उत्तर त्यांना माहीत होतं, म्हणून मी दिलं नाही. गाडी सुरू केली.

त्या संध्याकाळी मी माझा प्लेअर आणि दोन्ही खोकी बावड्याच्या घरी ठेवून आले. तात्यांच्या खाटेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. यंत्रांबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं तर ती डबी जन्मात उघडली नसती. पुढचे रविवार आम्ही फोनला जोडलेल्या एका छोट्या स्पीकरवर भागवले, आणि शिस्तीच्या बाईवर ही वेळ आली म्हणून मंडळींनी मला मनसोक्त छळलं.

काही दिवसांनी सुट्टी घेऊन मी बावड्याला गेले. अंगणाच्या फाटकातच गिटार ऐकू आली. तात्या खाटेवर दोन खोक्यांच्या मध्ये मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, दोन्ही कानांत यंत्रं. मी दारातच थांबले. तो तुकडा आला आणि त्यांची टोपी डावीकडून उजवीकडे सावकाश वळली, थांबली आणि परत आली. मला तिथेच रडू आलं.

डोळे उघडल्यावर त्यांनी मला पाहिलं. “गडी हिकडनं तिकडं जातो बग,” ते म्हणाले, जणू मला ते ठाऊकच नव्हतं.

“आणि यंत्र?” मी न ओरडता विचारलं.

“फाटकंच हाय. पर ही लोकं पैसं टाकून फाटकं ऐकत्यात म्हणल्यावर म्या बी बगितलं ऐकून.”

मी आनंदाने स्वयंपाकघरात गेले. आई चहा गाळत होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. “रेकॉर्ड लावायपुरती घालत्यात,” ती हळूच म्हणाली. “रेकॉर्ड झाली की काढून डबीत. रोजचं हाय.” तिने कप पुसला. “गिटारीसाठी घातली. मला वाटलं हुतं...”

बाहेर रेकॉर्ड संपली. सुई उचलल्याचा आवाज आला. आम्ही दोघी डबीच्या टकटकीची वाट बघत उभ्या राहिलो. ती आली नाही. आईने माझ्याकडे पाहिलं आणि जागेवरूनच, आवाज अजिबात न चढवता, म्हणाली,

“अवो, चा झालाय.”

बाहेर शांतता. आईने ओठ मुडपले आणि ताटावर वाजवायला चमचा उचलला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने तो खाली ठेवला.

“अवो, चा झालाय म्हणतीय.”

“आलो,” तात्या बाहेरून म्हणाले. “पहिल्या बारीलाच ऐकू आलं हुतं.”

“मग गप का बसलासा?”

“म्हणलं, दुसऱ्यांदा म्हणतीस का बगावं. लई दिस झालं, म्हणाली न्हाईस.”

आई ओट्याला धरून उभी राहिली. चहावरची वाफ कमी होत चालली होती.

“गार झाल्यावर मला बोलायचं न्हाय,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. मी काही यंत्र लावलेलं नव्हतं, आणि मलाही तो तसाच ऐकू आला.